कुणालाच नको असलेली राजधानी : सेंट पीटर्सबर्गमध्ये माणसे कशी रुजली?

१७०८ चा वसंत. मॉस्कोच्या राजवाड्यातून एक लवाजमा उत्तरेकडे निघाला. त्यात झार पीटरची सख्खी बहीण नतालिया होती, सावत्र बहिणी होत्या, दोन दिवंगत झारांच्या विधवा होत्या. त्यांतील एक, प्रास्कोव्या, आपल्या तीन मुलींना घेऊन निघाली होती. मधल्या मुलीचे नाव आन्ना. वय पंधरा. #इतिहास #धागा

या स्त्रियांनी आयुष्य मॉस्कोच्या अंतःपुरात काढलेले. बाहेर पडायचे ते बंद गाडीतून, देवदर्शनाला. आता सुमारे सातशे किलोमीटरचा प्रवास, तोही चिखलाच्या वाटेने. आणि शेवटचा टप्पा श्लिसेलबुर्गपासून होडीने. आपल्या घरच्यांना पाण्याची सवय व्हावी, अशी झारची इच्छा होती. घरच्यांची इच्छा काय होती, हे त्याने विचारल्याची नोंद नाही.

त्या होड्या जिथे चालल्या होत्या, ते शहर त्या वेळी अवघे पाच वर्षांचे होते. रशियाच्या राजधानीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते बहुधा राजवाड्यांविषयी असते. ज्यांना घरदार उचलून तिथे राहायला जावे लागले, त्यांच्याकडून पाहिले की हीच कथा वेगळी दिसते.

आधी जागेविषयी. नेव्हा नदीचे मुख, बाल्टिक समुद्राच्या एका चिंचोळ्या आखाताचे टोक. १६१७ च्या तहाने हा प्रदेश स्वीडनकडे गेला होता. १७०० मध्ये पीटरने स्वीडनविरुद्ध युद्ध पुकारले, १७०३ च्या मे महिन्यात न्येनशान्त्स हा स्वीडिश किल्ला घेतला, आणि त्याच महिन्यात जवळच्या एका छोट्या बेटावर नव्या किल्ल्याचे काम सुरू झाले. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे ती तारीख १६ मे. आजच्या गणनेने २७ मे. बेटाचे नाव सशांचे बेट. शहराचा वाढदिवस आजही हाच मानतात.

(त्याच उन्हाळ्यात इकडे सिंहगड नुकताच औरंगजेबाच्या हाती पडला होता आणि ताराबाई लढा चालवीत होत्या. कालरेषेवर दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की काळाचा अंदाज येतो.)

‘निर्जन दलदलीतून उभे राहिलेले शहर’ हे वाक्य मात्र जरा जपून वापरावे. दलदल होती, हे खरे. निर्जन नव्हते. न्येनशान्त्सच्या शेजारी न्येन नावाचे व्यापारी नगर होते, आसपास फिनी आणि इझोरा लोकांची खेडी व कोळीवस्त्या होत्या. शून्यातून सृष्टी निर्माण केल्याची कथा पीटरच्या दरबाराला सोयीची होती, म्हणून ती टिकली.

खरा प्रश्न निराळाच होता. पीटर जिथे राजधानी नेत होता, ती जमीन कायद्याने त्याची नव्हती. १७२१ च्या नीस्टाडच्या तहापर्यंत ती स्वीडनचीच होती. म्हणजे तब्बल अठरा वर्षे हे शहर शत्रूच्या भूमीवर वाढत राहिले. १७०९ मध्ये पोल्टाव्हाला स्वीडनचा बाराव्या चार्ल्सचा दारुण पराभव झाला, तेव्हा कुठे ते हातातून निसटण्याची भीती ओसरली. १७१२ च्या सुमारास दरबार आला, पाठोपाठ सेनेट आले. ‘आजपासून ही राजधानी’ असे सांगणारे स्वतंत्र फर्मान मात्र कधीच निघाले नाही. झार तिथे राहत होता. बाकीच्यांनी काय ते समजून घ्यायचे.

राजधानी हलवणारा राजा म्हटले की मराठी वाचकाला देवगिरीचे दौलताबाद करणारा मुहम्मद तुघलक आठवणारच. पण तुघलकाने निदान यादवांची वसलेली, नांदती नगरी निवडली होती.

पीटरचे स्वतःचे पहिले घर मात्र साधे होते. सैनिकांनी तीन दिवसांत उभारलेली ओंडक्यांची झोपडी. विटांची वाटावी म्हणून भिंतींवर विटांचे रंगकाम. तीत ऊब राहावी म्हणून चूलसुद्धा नव्हती, कारण तो तिथे उन्हाळ्यापुरताच उतरे. पत्रांमधून तो या जागेला ‘स्वर्ग’ म्हणे. १७०६ च्या पुरात याच स्वर्गात त्याच्या खोलीत अर्धा मीटरहून अधिक पाणी चढले. लोक छपरांवर आणि झाडांवर बसले होते. हे दृश्य फार गमतीचे होते, असे त्याने मेन्शिकोव्हला कळवले.

या पुरांचे कारण पावसात नाही, वाऱ्यात आहे. पश्चिमेकडून वादळ आले की आखाताचे पाणी चिंचोळ्या टोकाकडे लोटले जाते, नेव्हाला समुद्रात शिरायला वाट उरत नाही आणि बेटे बुडतात. बहुतेकदा हे शरद ऋतूत घडते, म्हणजे पाठोपाठ हिवाळा ठरलेला. भिजलेले धान्य, भिजलेले सरपण आणि पुढे सहा तासांहूनही छोटा दिवस.

आता माणसांकडे वळू. पहिले आले ते मजूर. १७०४ पासून देशभरातील प्रांतांना हुकूम जात : दरवर्षी सुमारे ४०,००० माणसे पाठवा, पाळ्या लावून. कागदावरचा हा आकडा प्रत्यक्षात क्वचितच भरे. कुणी वाटेत पळत, कुणी वाटेत मरत. शेकडो किलोमीटर चालत यायचे, कुऱ्हाड घरची आणायची. सुरुवातीला ढकलगाड्याही पुरेशा नव्हत्या. किल्ल्याच्या तटासाठीची माती माणसांनी झोळ्यांतून, अंगरख्याच्या ओच्यातून वाहिली.

किती मेले? परदेशी वकिलांच्या लेखनात साठ हजार, एक लाख असे आकडे येतात. ते त्या काळी शहरात फिरणारे आकडे होते, मोजलेले नव्हते. नेमकी संख्या सांगणारी कोणतीही यादी उपलब्ध नाही. आमांश, ताप, अपुरे अन्न आणि उघड्यावरचे वास्तव्य यांनी माणसे हजारोंनी गेली, इतके निश्चित. ‘हाडांवर उभे राहिलेले शहर’ ही प्रतिमा नंतरची असली, तरी तिच्या तळाशी असलेली गोष्ट खोटी नाही. १७१८ पासून या वेठबिगारीऐवजी प्रांतांकडून पैसा घ्यायला आणि ठेकेदारांकरवी काम करून घ्यायला सुरुवात झाली. ही दयाबुद्धी नव्हती. पळून जाणाऱ्या माणसाकडून काम होत नाही, हे एव्हाना हिशेबात दिसू लागले होते.

मजूर पाळी संपली की परतत. कारागिरांचे तसे नव्हते. १७१० च्या आदेशाने सुतार, लोहार, गवंडी यांना बायकापोरांसह हलवण्यात आले, आणि कागदपत्रांत त्यासाठी शब्द होता ‘चिरंतन वास्तव्यासाठी’. एखाद्या खेड्यातील लोहाराला कळे की त्याचे नाव यादीत आले आहे; त्यापुढे परतीचा प्रश्नच नव्हता.

उमरावांची पाळी त्यानंतर आली. कोणी यायचे याच्या याद्या झाल्या आणि घर किती मोठे बांधायचे हे मालकाकडे कुळे किती आहेत यावरून ठरले. पाचशेहून अधिक शेतकरी ज्याच्या मालकीचे, त्याने दुमजली दगडी घर बांधावे. वेळेत बांधले नाही तर दंड, जप्ती. स्वतःच्या खर्चाने, नकाशा सरकारचा.

हा नकाशा दोमेनिको त्रेझिनीचा. मूळचा स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषक भागातील हा वास्तुविशारद १७०३ मध्येच रशियात आला होता. त्याने घरांचे ठरावीक नमुने तयार केले : सामान्यांसाठी एक, सधनांसाठी एक, प्रतिष्ठितांसाठी एक. यात वरवर काही विशेष वाटत नाही. पण मॉस्कोच्या माणसाच्या दृष्टीने हा मोठा धक्का होता.

मॉस्कोत उमरावाचे घर रस्त्याला लागून नसे. बाहेर उंच कुंपण, आत अंगण, तबेले, चाकरांच्या खोल्या, भाजीचा मळा, कधी खासगी प्रार्थनागृह, आणि या सगळ्यांच्या मध्ये घर. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतले काही दिसत नसे. नव्या शहरात घराचा दर्शनी भाग थेट रस्त्याच्या रेषेवर यायचा, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत भिडवायची, खिडक्या रस्त्याकडे उघडायच्या. तबेले मागे. आपल्याकडची एखादी चौसोपी वाड्यातली मंडळी एका रात्रीत रस्त्यालगतच्या चाळीत आली, तर त्यांना जसे वाटेल, तसे काहीसे या लोकांना वाटले असणार.

दगड आणायचा कुठून? परिसरात तो पुरेसा नव्हता. १७१४ च्या ऑक्टोबरमध्ये पीटरने साऱ्या रशियात दगडी बांधकामाला बंदी घातली. पीटर्सबर्ग तेवढे अपवाद. हेतू उघड होता : देशभरातील गवंडी बेकार होऊन इकडेच यावेत. त्याच महिन्यात दुसरा हुकूम निघाला. शहरात येणाऱ्या प्रत्येक गाडीने तीन दगड आणावेत, गलबतांनी आकाराप्रमाणे दहा ते तीस. हा दगडांचा कर १७७६ पर्यंत चालू होता. गवताची गाडी घेऊन आलेला शेतकरी वेशीवर तीन धोंडे मोजून देत आहे, हे चित्र दोन पिढ्यांनी पाहिले.

आणि धान्य? इथे मॉस्कोकरांना सर्वांत जास्त झळ बसली. मॉस्कोत उमरावाच्या घरी पीठ, लोणी, मांस, मध, सरपण हे सगळे स्वतःच्या जवळच्या गावांतून घसरगाड्यांवरून येई. रोख पैसा फारसा लागत नसे. नेव्हाकाठची जमीन नापीक. तिथे सगळे विकत घ्यायचे आणि तेही फार लांबून आलेले. १७०९ मध्ये विश्नी व्होलोचोकचा कालवा खुला झाला, व्होल्गाच्या खोऱ्यातले धान्य जलमार्गाने येऊ लागले, तरी महागाई हटली नाही. वरून श्रीमंत दिसणारी घराणी आतून कर्जात बुडू लागली.

व्यापाऱ्यांना ओढून आणायला वेगळी युक्ती होती. आधी आमिष : १७०३ च्या नोव्हेंबरमध्ये मीठ आणि मद्य घेऊन पहिले डच गलबत आले, तेव्हा कप्तानाला ५०० सुवर्णमुद्रा बक्षीस मिळाल्या. मग सक्ती : १७१३ मध्ये ताग, कमावलेले कातडे असा मुख्य निर्यातीचा माल श्वेत समुद्रावरील अर्खांगेल्स्कऐवजी पीटर्सबर्गला न्यावा असा आदेश निघाला. अर्खांगेल्स्कमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बसवलेल्या पेढ्या, गोदामे, ओळखी, सगळे मागे टाकून लोक आले. एका बंदराचे मरण हे दुसऱ्याच्या जन्माचा खर्च म्हणून मांडले गेले.

१७१४ मध्ये हानोव्हरचा वकील फ्रीडरिश क्रिस्टियान वेबर तिथे पोहोचला. एवढी कीर्ती ऐकलेली, म्हणून शहराच्या अपेक्षेने आला. दिसला तो एकमेकांना जोडलेल्या खेड्यांचा पसारा. लांडगे वस्तीत शिरत. तोफखान्याबाहेर पहाऱ्यावर असलेल्या दोन सैनिकांना लांडग्यांनी मारल्याची त्या वर्षीची हकीकत इतिहासकार देतात.

बेटांवरच्या या शहरात एक गोष्ट मुद्दाम नव्हती : पूल. नेव्हावर एकही नाही. लोकांनी होड्या वापराव्यात, त्याही वल्ह्यांच्या नव्हे, शिडांच्या, असा झारचा हट्ट. आयुष्यात समुद्र न पाहिलेले मॉस्कोचे पोक्त दरबारी शिडे आवरायला शिकू लागले. पोलंडचा राजदूत, एक सेनाधिकारी आणि झारचा एक खासगी वैद्य बुडून मेल्यावर वल्ह्यांना परवानगी मिळाली, असे सांगतात. १७१८ मध्ये तर रहिवाशांना होड्या वाटण्यात आल्या आणि ठरलेल्या दिवशी तोफेचा आवाज झाला की त्यांनी नदीवर कवायतीला हजर राहायचे ठरले. शरदात बर्फ धरू लागे आणि वसंतात तो फुटू लागे, त्या दिवसांत होडीही चालत नसे आणि पायीही जाता येत नसे. पलीकडच्या काठावरचा भाऊ आजारी असेल तर वाट पाहणे, एवढेच हाती होते.

त्याच वर्षी शहराला पहिला पोलीसप्रमुख मिळाला, पोर्तुगीज कुळातला अँटन देव्हिएर. रस्त्यावर दिवे, घरासमोरची फरसबंदी ज्याची त्याने करणे, आगीची राखण, हे सारे त्याच्या अंगावर. एकदा पीटर त्याच्यासह गाडीतून जात असता पुलाच्या फळ्या निखळलेल्या दिसल्या. झारने खाली उतरून त्याला सोट्याने बदडले आणि मग प्रेमाने पुन्हा गाडीत शेजारी बसवले, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. खरी असो वा रचलेली, शहर कसे चालवले जात होते ते तिच्यातून कळते.

आणि याच १७१८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘असेंब्ली’ भरवण्याचा हुकूम निघाला. आळीपाळीने मोठ्या घरांत संध्याकाळचे संमेलन. चारपाच वाजल्यापासून दहापर्यंत. यजमानाने दारात स्वागताला उभे राहायचे नाही, निरोप द्यायला यायचे नाही. बुद्धिबळ खेळा, गप्पा मारा, नाचा. आणि स्त्रियांनी यायचेच.

इथे थोडे थांबायला हवे. सक्तीने आनंद साजरा करणे हास्यास्पद आहे, यात शंका नाही. पण ज्या स्त्रियांना मॉस्कोत परपुरुषासमोर येण्याचीही मुभा नव्हती, त्यांना इथे सभेत बसायला, बोलायला, नाचायला जागा मिळाली. तीही झारच्या हुकमानेच. काहींना तो अपमान वाटला, तरुण मुलींपैकी अनेकींना बहुधा तसे वाटले नाही. ज्यांनी हे शहर पुढे आपले मानले, त्यांत मॉस्को न आठवणारी ही पिढी पहिली होती.

थोरल्यांचा राग मात्र शमला नव्हता. १७१८ मध्ये युवराज अलेक्सेईवर खटला चालला, तेव्हा चौकशीत एक वाक्य पुढे आले : पीटर्सबर्ग ओस पडेल. हे भाकीत राजघराण्यातल्याच स्त्रियांच्या तोंडी होते. झारचा मुलगा तुरुंगात मेला. भाकीत शहरात फिरत राहिले.

पीटरचे मनही स्थिर नव्हते. शहराचे केंद्र कोठे असावे हे तो बदलत राहिला. शेवटी त्याने वासिल्येव्स्की बेट निवडले : ॲम्स्टरडॅमसारखे आखीव कालवे, दोन्ही काठांवर घरे. ज्यांनी कर्ज काढून एका काठावर घर पुरे केले होते, त्यांना आता बेटावर दुसरे बांधण्याचा हुकूम झाला. लोकांनी भिंती उभारल्या, छप्पर घातले आणि आत राहायला गेलेच नाहीत. परदेशी प्रवाशांना पुढे कित्येक वर्षे तिथे पोकळ घरांच्या रांगा दिसत राहिल्या.

१७२५ च्या आरंभी पीटर गेला. शहरात तेव्हा सुमारे ४०,००० माणसे होती. खरी परीक्षा आता होती, कारण हुकूम देणाराच उरला नव्हता.

१७२८ मध्ये त्याचा अल्पवयीन नातू दुसरा पीटर राज्याभिषेकासाठी मॉस्कोला गेला आणि परतला नाही. दरबार तिथेच राहिला. वर्षानुवर्षे दातओठ खाऊन राहिलेली घराणी सामान बांधून निघाली. व्यापारी, कारागीर, गाडीवान त्यांच्यामागे. रस्त्यांवर गवत उगवले. १७२९ मध्ये सरकारला फर्मान काढावे लागले की परवानगीवाचून निघून गेलेल्यांनी कुटुंबासह परत यावे, नाहीतर मालमत्ता जप्त होईल. भाकीत खरे ठरते की काय, अशी ही वेळ होती.

पण सगळेच गेले नाहीत. बंदर चालू होते, जहाजे बांधण्याचा कारखाना चालू होता, १७२५ मध्ये सुरू झालेली विज्ञान अकादमी चालू होती. वीस वर्षांपूर्वी ‘चिरंतन वास्तव्यासाठी’ आणलेल्या सुतारांची मुले आता तिथेच जन्मलेली, तिथेच काम शिकलेली होती. त्यांचे मूळ गाव त्यांनी पाहिलेही नव्हते. परत जायचे, तर कुठे?

१७३० च्या जानेवारीत दुसरा पीटर देवी येऊन मेला, वयाच्या चौदाव्या वर्षी. वारस म्हणून दरबाऱ्यांनी एका विधवेला बोलावले. १७१० मध्ये पीटर्सबर्गमध्येच, मेन्शिकोव्हच्या घरी तिचे लग्न लागले होते. दोन-अडीच महिन्यांत, सासरी कुरलँडला जाताना शहराबाहेर पडताच तिचा पती वारला होता. आपल्या हाती सत्ता ठेवू पाहणाऱ्या मॉस्कोच्या बड्या घराण्यांवर तिचा विश्वास नव्हता. १७३२ च्या जानेवारीत तिने दरबार पुन्हा नेव्हाकाठी आणला. ही सम्राज्ञी म्हणजे आन्ना, १७०८ मध्ये आईसोबत होडीतून आलेली ती पंधरा वर्षांची मुलगी.

आता आलेली माणसे पीटरच्या बेटावर गेली नाहीत. त्यांनी दक्षिणेकडचा, नौकाबांधणीच्या कारखान्याभोवतीचा काठ धरला, जिथे मॉस्कोचा रस्ता येऊन मिळत होता. १७३६ आणि १७३७ च्या आगींत हाच भाग जळाला, तेव्हा तो नव्याने आखण्यासाठी आयोग नेमला गेला, आणि तिथून पसरणारे तीन सरळ रस्ते शहराचा कणा झाले. वासिल्येव्स्की बेटावरचे कालवे कधी पुरे झाले नाहीत. तिथल्या रस्त्यांना आजही ‘लाइन’ म्हणतात आणि एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे क्रमांक असतात.

नेव्हावर पहिला तरता पूल पीटरच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १७२७ मध्ये पडला. मग तो काढला गेला. दरबार परत आल्यावर, १७३२ मध्ये, होड्यांवर फळ्या टाकून तो पुन्हा बांधला. बर्फ येई तेव्हा तो उचलावा लागे आणि नदी मोकळी झाली की पुन्हा घालावा लागे. पहिला कायमचा पूल व्हायला १८५० साल उजाडले.